जावक क्रमांक विचारा: बडोद्यात विद्यापीठाच्या नोकरीला लागणाऱ्यांसाठी

आमच्या शाखेत कुणी नवं रुजू झालं की संगणकाचा पासवर्ड हातात पडायच्या आधी मी त्यांच्यापुढे जावक रजिस्टर उघडते. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. प्रत्येक ओळीत क्रमांक, तारीख, कुणाला, विषय, सही. आता बहुतेक नोंदी संगणकावर होतात, तरी मी वहीच दाखवते, कारण बाहेर गेलेला कागद कुणाच्या टेबलावरून निघाला हे त्या वहीत बोट ठेवून दाखवता येतं. परिपत्रक हाती आलं की विचारायचं: कुणी काढलं, कोणत्या अधिकारात, आणि हे खरं आहे हे मी दुसऱ्या कोणत्या वाटेनं तपासू? मेल आला तरी हेच तीन प्रश्न विचारायचे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जी नुकसानं झाली, ती जवळजवळ सगळी यातला एखादा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून झाली.

हे मी लिहिते आहे ते मुख्यतः शिक्षकेतर पदांवर येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी. काही दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथलीच असतात. त्यांना गुजराती बोलता येतं, पण कचेरीतलं गुजराती नवं असतं. काही धुळे-नंदुरबारकडून येतात, त्यांना लिपीपासून सुरुवात करावी लागते. शिक्षक म्हणून येणाऱ्यांनाही यातलं पुष्कळ उपयोगी पडेल.

पायरी १: नियम कुठून येतो ते समजून घ्या

पहिल्या आठवड्यात एवढं एक काम करा. एका कागदावर वरपासून खालपर्यंत उतरंड लिहून काढा. सगळ्यात वर कायदा. गुजरातच्या विधानसभेनं २०२३ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा मंजूर केला आणि राज्यातली ११ विद्यापीठं त्याखाली आली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा स्वतःचा १९४९ चा कायदा होता, तेही आता याच कायद्याखाली आहे. सेनेट आणि सिंडिकेट ही जुनी निर्णय घेणारी मंडळं गेली, व्यवस्थापन मंडळ आलं. म्हणून जुन्या फायलीत 'सिंडिकेटचा ठराव' असं दिसलं तर तो आपोआप रद्द झाला असं समजू नका आणि चालूच आहे असंही धरू नका. तो पुढे कुठे बदलला का, हे आस्थापना शाखेत विचारून घ्या.

कायद्याच्या शेजारी लिहा विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम. ते केंद्रीय कायद्यातून येतात, आणि राज्याच्या कायद्याशी विसंगती आली तर सर्वोच्च न्यायालयानं त्यांनाच वरचढ ठरवलं आहे. शिक्षकांच्या नेमणुकीचे २०१८ चे आहेत. मग राज्य सरकारचे ठराव. महाराष्ट्रात ज्याला आपण शासन निर्णय किंवा जीआर म्हणतो, त्यालाच इथे नुसतं 'ठराव' म्हणतात. त्याखाली विद्यापीठाचे स्वतःचे नियम, मग कुलसचिवांची परिपत्रकं आणि सर्वांत खाली विभागप्रमुखांच्या सूचना. खालचा कागद वरच्याला छेद देऊ शकत नाही. विभागप्रमुखांची चिठ्ठी ठरावाच्या उलट जात असेल तर भांडायचं नाही. 'संदर्भाधीन ठरावानुसार मार्गदर्शन मिळावं' अशी एका ओळीची नोंद लिहून फाइल वर पाठवायची. तोंडी हुकमावर मात्र काम करू नका. ही सवय लागायला वेळ लागतो, पण नव्या माणसाला वाचवते तीच.

पायरी २: कचेरीची गुजराती शिका

महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे, त्यामुळे नव्यांना वाटतं की सगळं इंग्रजीत येईल. गांधीनगरहून येणारे कागद बहुधा गुजरातीत असतात. लिपी पंधरा दिवसांत येते. डोक्यावरची रेघ नाही एवढीच सुरुवातीची अडचण. आकड्यांकडे मात्र नीट बघा. गुजराती पाचाचा आकडा आपल्याला 'प' सारखा दिसतो, आणि तारखेत तो पहिल्यांदा आला की माणूस अडखळतो.

शब्दांतले खड्डे अधिक खोल आहेत. 'फरजियात' म्हणजे सक्तीचं, 'मरजियात' म्हणजे ऐच्छिक. एका अक्षराचा फरक. प्रशिक्षणाच्या परिपत्रकात तो चुकला तर गैरहजेरी लागते. 'महेकम शाखा' म्हणजे आपली आस्थापना. 'सेवापोथी' म्हणजे सेवापुस्तक. 'नकल रवाना' च्या खाली ज्यांची नावं असतात त्यांना प्रत गेलेली असते. ही यादी वाचत जा, कारण विषय आणखी कुणाच्या टेबलावर आहे ते तिथे कळतं. परीक्षा 'मोकूफ' म्हणजे पुढे ढकलली. पण माणूस 'फरज मोकूफ' म्हणजे निलंबित. आणि सगळ्यात मोठा खड्डा: जुन्या गुजराती कागदांतला 'कुलपति' म्हणजे आपला कुलगुरू. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, म्हणून नव्या मराठी माणसाचा हमखास गोंधळ होतो. एका मुलानं कुलगुरूंकडे जायचं टिपण राजभवनाच्या नावानं तयार केलं होतं. ते सहीला जाण्याआधी दिसलं म्हणून बरं.

बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. संस्थानानं १९३१ मध्ये कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला होता. त्यात एकाच कामाचे गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे शब्द शेजारी शेजारी मांडले होते. तुम्ही तुमच्यापुरती तशीच एक वही करा. डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी आणि इंग्रजी. सहा महिन्यांनी ती वही दुसऱ्या नव्या माणसाला द्या.

पायरी ३: परिपत्रक वाचायची पद्धत

वाचायला सुरुवात मजकुरापासून करू नका. आधी जावक क्रमांक आणि तारीख. मग 'संदर्भ': कोणत्या आधीच्या कागदावर हा उभा आहे. मग सही कुणाची, आणि ती 'च्या वतीने' आहे का. मग अंमल कधीपासून. परिपत्रकाची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी असू शकते, आणि पगार, रजा, शुल्क यांत सगळे वाद तिथेच होतात. शेवटी, कोणता जुना कागद यानं रद्द होतो. एवढं झालं की मजकूर वाचा. तो मग दुप्पट वेगानं कळतो.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे परिपत्रक नव्हे. तो बातमी आहे. अर्धं पान कापलेलं असतं, वरचा क्रमांक गेलेला असतो, कधी मागच्या वर्षीचं असतं. सुट्टीच्या परिपत्रकांबाबत हे दरवर्षी होतं. शाखेच्या ग्रुपवर पुढे ढकलायच्या आधी आवक-जावकला फोन करा: 'या नंबरचा कागद निघालाय का?' तीस सेकंदांचं काम आहे.

पायरी ४: तुमचं खातं म्हणजे तुमची सही

रुजू झाल्यावर तुम्हाला कचेरीचा मेल आणि एखाद-दोन प्रणालींचं लॉगिन मिळतं. पहिला पासवर्ड कुणीतरी दुसऱ्यानं ठेवलेला असतो, म्हणून तो त्याच दिवशी बदला. नवा पासवर्ड लांब हवा. अवघड चिन्हांपेक्षा लांबी जास्त उपयोगाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहा. 'घंगाळ', 'दवंडी', 'लसूण', 'तीनचाकी' असे. हेच वापरू नका, तुमचे निवडा. मुलाचं नाव, जन्मसाल, 'बडोदा' आणि एकदोनतीन, हे कुणीही पहिल्या दहा प्रयत्नांत ओळखतं. कचेरीचा पासवर्ड घरच्या कुठल्याही खात्याला नको.

त्यानंतर दुहेरी पडताळणी चालू करा. फोनमधल्या अॅपवर सहा आकडे येतात आणि दर ३० सेकंदांनी बदलतात. पासवर्ड चोरीला गेला तरी हे आकडे नसतील तर चोर दारातच थांबतो. अट एकच: ते आकडे फोनवर कुणालाही सांगायचे नाहीत, 'मी संगणक केंद्रातून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही नाहीत. खऱ्या संगणक केंद्राला ते लागत नाहीत. खातं चालू करताना जे राखीव कोड मिळतात ते कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवा. जुना फोन विकण्याआधी किंवा भावाला देण्याआधी अॅप नव्या फोनवर हलवा. दिवाळीत नवे फोन येतात आणि सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी निम्मी शाखा लॉगिनबाहेर उभी असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ते. आपल्याकडे शाखेचं एकच लॉगिन पाचजण वापरतात आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर असतो. कामाच्या घाईत ते सोयीचं वाटतं. पण गुण कुणी बदलले, शुल्क कुणी माफ केलं, हे प्रणाली लॉगिनवरून ठरवते. चौकशी झाली की ज्याच्या नावावर लॉगिन आहे त्याला बोलावतात. माझ्या ओळखीच्या एका कनिष्ठ लिपिकानं रजेवर जाताना शेजाऱ्याला पासवर्ड देऊन ठेवला. परत आला तेव्हा त्याच्या नावे एक चुकीची नोंद होती. ती चूकच होती, कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण ती त्यानं केली नाही हे सिद्ध करायला त्याला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत त्याची झोप उडाली होती. रजेवर जाताना पासवर्ड देऊ नका, चार्ज द्या. कोणतं काम कुणाकडे, कुठून कुठपर्यंत, हे लिहून सही घ्या आणि त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर तेवढे अधिकार मागून घ्या. साहेब म्हणाले 'आजच्या पुरतं दे', तर नम्रपणे सांगा, 'सर, तुमच्यासाठी मी आत्ता अर्ज टाकते, दुपारपर्यंत होईल.' मी स्वतः हे वाक्य बऱ्याचदा वापरलं आहे. कुणी रागावलं नाही.

डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन साहेबांच्या ताब्यात असायला हवा. तो लिपिकाच्या खणात आणि त्याचा पिन खणाच्या झाकणावर, असं दृश्य तुमच्या शाखेत दिसलं तर टोकन परत द्या आणि परत दिल्याची पोच घ्या.

पायरी ५: फसवा मेल ओळखणं

मेल पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. ती जावक रजिस्टरातली नोंद नव्हे, पाकिटावर हातानं लिहिलेलं नाव आहे. म्हणून नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता बघा. भारतातल्या बहुतेक विद्यापीठांचे पत्ते 'डॉट एसी डॉट इन' वर संपतात, आणि ते नाव अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था कागदपत्रं तपासून फक्त शैक्षणिक संस्थांना देते. 'संपतात' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुवा वाचताना दोन तिरप्या रेघांनंतरच्या पत्त्यात पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघा. तुमच्या विद्यापीठाचं नाव, मग एसी, मग इन, आणि त्यापुढे आणखी 'डॉट' काहीतरी 'डॉट कॉम' असेल तर तो पत्ता त्या शेवटच्या माणसाचा आहे. तुमच्या विद्यापीठाचं नाव पुढे नुसतं सजावटीला लावलेलं आहे.

काही ठरलेल्या चाली आहेत. 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, तातडीनं काम आहे' असा कुलगुरूंच्या किंवा अधिष्ठात्यांच्या नावानं आलेला मेल. दोन-तीन उत्तरांनंतर तो भेटकार्डं घ्यायला सांगतो. 'तुमची मेलपेटी भरली आहे, आज ५ वाजेपर्यंत पडताळणी करा.' वेतन आयोगाच्या फरकाचा तक्ता, उघडायला पासवर्ड मागणारा. फोनवर येणारी लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचा दंड, जी खरं तर फोनमध्ये बसणारी 'एपीके' फाइल असते. या सगळ्यांत घाई असते आणि दुसऱ्या कुणाला विचारू नका असं कुठेतरी सुचवलेलं असतं. खऱ्या कारभारात घाई असली तरी विचारायला बंदी नसते.

पगार शाखेत असाल तर एक गोष्ट खास लक्षात ठेवा. 'माझं बँक खातं बदललं आहे, या महिन्यापासून नव्या खात्यात पगार टाका' असा मेल एखाद्या प्राध्यापकाच्या नावानं येतो. मजकूर सभ्य असतो, सहीसकट. मेलवरून खातं कधीही बदलू नका. माणूस समोर, अर्ज हाताने सही केलेला, सोबत रद्द केलेला धनादेश. तो परदेशात असेल तर सेवापोथीत किंवा आस्थापनेत नोंदलेल्या नंबरवर तुम्ही फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही, तो चोराचाच असतो.

निवृत्तांशी बोलायचं काम असेल तर त्यांनाही सावध करा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावानं फोन येतात, ओटीपी मागतात. आणि 'डिजिटल अटक' नावाचा काहीही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस 'घराबाहेर पडू नका, कुणाशी बोलू नका' म्हणाला तर फोन ठेवायचा. आमच्याकडच्या एका निवृत्त काकांना हे आधी सांगितलेलं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि सरळ कचेरीत येऊन बसले. तासभर त्यांच्या हाताचा थरकाप थांबला नव्हता.

पायरी ६: चूक झाली, आता पहिला तास

चूक होते. शहाण्या माणसाकडूनही होते, विशेषतः निकालाच्या आठवड्यात. एकदा आमच्या ओळखीतल्या एका शाखेतल्या ताईंनी संध्याकाळी सहाला खोट्या पानावर पासवर्ड टाकला. टाकताक्षणी त्यांना शंका आली आणि लाज वाटून त्या गप्प घरी गेल्या. रात्री त्यांच्या खात्यातून शेकडो विद्यार्थ्यांना तसाच मेल गेला. सहाला सांगितलं असतं तर दहा मिनिटांत मिटलं असतं. म्हणून पहिलं काम सांगणं. माझ्यासारख्या वरच्या लोकांचं काम, सांगणाऱ्यावर न ओरडणं.

नंतर क्रमानं. संगणकाची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला आणि 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. मेलच्या सेटिंगमध्ये तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप जायची सोय कुणी लावून ठेवली आहे का ते बघा. चोर हे पुष्कळदा करतो आणि पासवर्ड बदलल्यावरही ते चालू राहतं. संगणक केंद्राला फोन करा, मेल नको. काय, कधी, कोणत्या खात्यावर, हे वेळेसह कागदावर लिहा.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी आपल्या बँकेला आणि १९३० वर फोन करा. ही देशभराची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आधी कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर होते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि संस्थेवरही घड्याळ लागलेलं असतं. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. तुम्ही एक रात्र गप्प राहिलात तर ते सहा तास झोपेतच जातात.

पायरी ७: विद्यार्थ्यांचे कागद

आपल्या टेबलावर जातीचे दाखले, वैद्यकीय प्रमाणपत्रं, उत्पन्नाचे दाखले, आधारच्या प्रती येतात. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्यात सुरक्षेची काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाचा धाक बाजूला ठेवला तरी, एखाद्या मुलीचा मोबाइल नंबर आपल्या फलकावरून कुणी उचलला आणि तिला रात्री फोन येऊ लागले, तर त्याला आपणच कारण असतो.

लागेल तेवढंच मागा. आधार लागतंच असेल तर झाकलेलं आधार चालतं का बघा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यादी लावताना आसन क्रमांक पुरतो, नंबर आणि पत्ता नको. ऑनलाइन तक्ता करताना 'दुवा असलेला कुणीही' हा पर्याय निवडू नका, नावानिशी माणसं घाला. आणि चुकीच्या छापलेल्या गुणपत्रिका रद्दीत टाकू नका. बाजारात खारी सिंग (खारे शेंगदाणे) घेतली आणि पुडी उघडल्यावर एखाद्या मुलाचा शुल्कमाफीचा अर्ज दिसला, असं माझ्याबाबत झालेलं आहे. कोणत्या कचेरीचा होता ते महत्त्वाचं नाही. त्यावर बापाचा पगार आणि आईचा आजार लिहिलेला होता. तेव्हापासून आमच्या शाखेत कागद फाडायचं यंत्र आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज तुमच्या हातात आला तर स्वतः उत्तर देऊ नका आणि खणातही ठेवू नका. आवक नोंद करून त्याच दिवशी जन माहिती अधिकाऱ्याकडे पाठवा. उत्तराची मुदत साधारणपणे ३० दिवसांची आहे. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो.

पायरी ८: अद्यतनं, नकला आणि विश्वामित्री

मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अद्यतनं (अपडेट) दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे बुधवारी सकाळी दिसतात. 'नंतर' वर टिचकी मारत महिने घालवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरच्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अद्यतन मार्चमध्येच आलेलं होतं. दोन महिने होते हाताशी. विंडोज १० ची नेहमीची अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमच्या टेबलावर तेच असेल तर लेखी कळवा आणि पोच ठेवा.

महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. बडोदेकरांना याचं कारण समजवावं लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावर जमिनीवर ठेवलेलं जे काही होतं ते गेलं. पावसाळ्याआधी सीपीयू आणि खालच्या फळीवरचे गठ्ठे वर उचला. बाहेरची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवणं म्हणजे नकल न ठेवणं.

ग्रंथालयाच्या नियतकालिकांबद्दल थोडक्यात. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना १ जानेवारी २०२५ पासून चालू आहे आणि ती गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र राबवतं. सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. आपलं लॉगिन बाहेरच्याला देऊ नका, आणि एखाद्या प्रोग्रॅमनं घाऊक लेख उतरवू नका. प्रकाशक सगळ्या संस्थेचाच प्रवेश बंद करतो आणि संशोधक मुलं अडकतात.

पायरी ९: स्वतःचे कागद

दुसऱ्यांच्या फाइली सांभाळता सांभाळता आपली राहते. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःची सेवापोथी मागून बघा. नाव, जन्मतारीख, रुजू दिनांक, नामनिर्देशन. मराठी माणसाची इथे एक खास अडचण आहे. गुजरातेत पुष्कळ ठिकाणी आडनाव आधी लिहितात, आपण शेवटी. शिवाय सौजन्यानं 'भाई' आणि 'बेन' जोडतात आणि ते नोंदीत नावाचाच भाग होऊन बसतं. पॅनवर 'सुनंदा', सेवापोथीत 'सुनंदाबेन', आधारवर लग्नानंतरचं तिसरंच नाव. मग निवृत्तिवेतनाच्या १२ आकडी खात्यापासून आयकराच्या फॉर्मपर्यंत सगळं अडतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे एका अर्जानं दुरुस्त होतं. तिसाव्या वर्षी प्रतिज्ञापत्रं, राजपत्र आणि खेटे.

स्त्रियांनी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची माहिती पहिल्याच महिन्यात करून घ्यावी: अध्यक्ष कोण, बाहेरची सदस्य कोण, अर्ज कुठे द्यायचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियमही आहेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. कंत्राटी आणि रोजंदारी कामगार स्त्रियांनाही हा कायदा लागू आहे. त्यांना हे बहुधा कुणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा. समितीच्या फलकावरची नावं जुनी झाली असतील तर तेही महेकम शाखेला कळवा.

पायरी १०: बदली झाली की

शाखा बदलली की जुन्या शाखेचे अधिकार स्वतःहून परत करा. लेखी मागणी करा: 'माझ्या लॉगिनवरून परीक्षा विभागाचे अधिकार काढावेत.' चार्जच्या यादीत कपाटांच्या किल्ल्यांबरोबर लॉगिन, सामायिक फोल्डर, शाखेचे व्हॉट्सअॅप ग्रुप, डिजिटल सहीचा टोकन, शिक्के हे सगळं एकेका ओळीत लिहा. दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, एक प्रत स्वतःच्या घरी ठेवा. आणि त्या यादीला आवक-जावकमधून क्रमांक टाकून घ्यायला विसरू नका.